नमुन्याचा गळा

मास्तरांचा गळा तपासायला काही एक कारण नव्हतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. दुखत नव्हतं, खुपत नव्हतं, घास अडकत नव्हता. आवाजाचं तर नावच काढू नका. पोहण्याच्या तलावाच्या या टोकाला उभं राहून ते "कोपर वर!" म्हणून ओरडले की त्या टोकाला पाण्यात तोंड खुपसून चाललेल्या पोराचं कोपर आपोआप वर यायचं. शेजारच्या इमारतीतली माणसं म्हणायची, आम्हाला गजर लावावा लागत नाही, मास्तर ओरडायला लागले की समजायचं सहा वाजले. अशा धडधाकट माणसाचा गळा तपासला, तो मशीनच्या कंपनीच्या माणसाला एक गळा हवा होता म्हणून.

मास्तरांची बायको हॉस्पिटलात सोनोग्राफीच्या खोलीत काम करते. वीस वर्षं झाली. पोटाला, मानेला, पायाला गार जेली लावायची, प्रोब फिरवायचा, पडद्यावर जे दिसेल त्याचं चित्र धरायचं, मापं घ्यायची आणि चित्रं मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत पाठवायची. काय दिसलं ते आपण बोलायचं नाही, बोलायचं ते मोठ्या डॉक्टरांनी. सगळे तिला जेलीबाई म्हणतात आणि तीही ओ देते. तोंडाने फटकळ आणि हाताने हलकी, अशी तिची ख्याती. वॉर्डातल्या आयाबाया तिच्याशी वाद घालायच्या भानगडीत पडत नाहीत.

आता त्या खोलीतली एक पद्धत सांगायला हवी. नवं मशीन आलं की कंपनीचा माणूस ते बसवून देतो आणि चालवून दाखवतो. त्यासाठी कुणीतरी टेबलावर झोपावं लागतं. पेशंटला असं झोपवता येत नाही, म्हणून जो मोकळा दिसेल त्याला धरायचं. कधी लिफ्टवाला, कधी धोबीखात्यातला माणूस, कधी चौकशीच्या खिडकीतली बाई. त्याला म्हणायचं नमुना. मशीनमध्ये नावाच्या जागी 'नमुना' असं टाकायचं आणि वय टाकायचं शंभर, म्हणजे चुकून पुसायचं राहिलं तरी बघणाऱ्याला कळावं की हा काही खरा पेशंट नाही. काम झालं की सगळं पुसून टाकायचं. वीस वर्षांत जेलीबाईने असे चाळीसेक नमुने झोपवले असतील. त्यातल्या कितीतरी जणांच्या मानेत बारीकसारीक ठिपके दिसले होते. तिने ते पुसले. ते सगळे नमुने अजून लिफ्ट चालवतात, चादरी धुतात, खिडकीत बसून लोकांवर खेकसतात.

त्या दिवशी मास्तर आले होते ते तिचा घरी विसरलेला चष्मा द्यायला. कंपनीचा माणूस टाय सैल करून वाट बघत होता, आणि लिफ्टवाला नेमका रजेवर होता.

"सर, मान छान लांब आहे तुमची," कंपनीचा माणूस म्हणाला. "दोन मिनिटं देता?"

"दोन काय, दहा घ्या," मास्तर म्हणाले आणि चपला काढून टेबलावर चढलेसुद्धा. "फुकटात शेक मिळतोय का बघू."

"शेक नाही हो, चित्र काढतात," जेलीबाई म्हणाली.

"मग चांगलं काढ. लग्नातले फोटो बिघडलेच होते."

पडद्यावर मास्तरांची मान उमटली. जुन्या मशीनमध्ये धुकं दिसायचं, इथे पेशीन् पेशी वेगळी काढून ठेवल्यासारखी. कंपनीचा माणूस कौतुकाने सांगत होता की मॅडम, आता चित्रं पाठवायची कटकट नाही, सेव्ह केलं की आपोआप डॉक्टरांच्या खोलीत जातात. जेलीबाईचं अर्धं लक्ष होतं. मशीनने नाव मागितलं. आणि तिने नमुना न लिहिता मास्तरांचं पूर्ण नाव लिहिलं. वयही खरं टाकलं, शेहेचाळीस. का? तर तिला त्या घटकेला आपल्या नवऱ्याचं कौतुक वाटलं. एवढ्या झकपक पडद्यावर त्यांचं नाव बघावंसं वाटलं. बाकी काही कारण नाही. मानेच्या उजव्या बाजूला एक काळपट ठिपका दिसला, तेव्हा हाताच्या सवयीने तिने त्याचं मापही घेतलं आणि सेव्हही केलं. साडेचार मिलिमीटर.

"ते काळं काय गं?" मास्तरांनी मान तिरकी करून विचारलं.

"काही नाही. ठिपका आहे. हलू नका."

मग तिने सगळं पुसलं. पण ते तिच्या मशीनमधून पुसलं गेलं. मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत ते आधीच जाऊन बसलं होतं.

दुसऱ्या दिवशी ट्रेमध्ये रिपोर्ट. उजव्या बाजूला गाठ, कडा अस्पष्ट, संशयास्पद, सुईने तपासणी करावी. खाली सही.

जेलीबाई धावतच मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत गेली. "सर, हा नमुना होता. माझे मिस्टर. पुसायचा राहिला."

"नमुना?" मोठे डॉक्टर म्हणाले. "नाव आहे, वय आहे, गाठ आहे. आणखी काय हवं?"

"पण त्यांना काहीच होत नाही सर."

"होत नाही तोवर सापडलं, हे नशीब समजा. मी बघितलंय, सही केलीय. आता मला ते न बघितल्यासारखं कसं करता येईल? उद्या काही झालं तर?"

उद्या काही झालं तर. या चार शब्दांपुढे भल्याभल्यांची बोलती बंद होते. उद्या काय होईल ते कुणाच्याच हातात नसतं, म्हणून आज जे हातात आहे ते कापून मोकळं व्हायचं. जेलीबाई एरवी कुणाचं ऐकून घेणारी नव्हे. त्या दिवशी तिने ऐकून घेतलं.

घरी आणखी दोन शब्द तयारच होते. मास्तरांच्या थोरल्या बहिणीने फोनवर सगळं ऐकलं आणि म्हणाली, "अगं, सुई तर टोचायचीय. काय जातंय?" जेलीबाईला वन्संचा राग यायला हवा होता, पण तिलाही तेच वाटत होतं. काय जातंय?

सुई टोचली. आठ दिवसांनी कागद आला आणि त्यावर तो शब्द होता, कर्करोग. तो शब्द घरात आला आणि त्यानंतर कुणी गाठ केवढी आहे हे विचारलं नाही. साडेचार मिलिमीटर म्हणजे तांदळाच्या दाण्याहूनही आखूड, हे त्या घरात एकट्या जेलीबाईला नीट ठाऊक होतं, आणि तीच सगळ्यांत जास्त घाबरली होती. लोकांच्या माना वीस वर्षं बघितल्या, पण स्वतःच्या माणसाची वेळ आली तेव्हा सगळी अक्कल गहाण पडली.

गळ्याचे सर्जन भला माणूस. हसतमुख, हातावर हात ठेवून बोलणारे. "अख्खी थायरॉइडची ग्रंथीच काढून टाकू," ते म्हणाले. "अर्धी ठेवून डोक्याला ताप कशाला? मग रोज सकाळी एक गोळी, की झालं."

"आवाजाचं काय?" मास्तरांनी विचारलं. "माझा धंदाच आवाजाचा आहे."

"शेजारून नस जाते. जपतो आम्ही. शंभरात एखाद्याला त्रास होतो, आणि तोही बहुतेक वेळा तात्पुरता."

जेलीबाई मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. "थांबून बघितलं तर चालेल का?" एवढं एकच वाक्य विचारायचं होतं. तिने विचारलं नाही. सर्जननी सांगितलं नाही. मोठ्या डॉक्टरांनीही सांगितलं नव्हतं. तीन शहाणी माणसं, आणि तिघांच्या तोंडाला कुलूप.

ऑपरेशन झालं. शुद्धीवर आल्यावर मास्तरांनी पाणी मागितलं. ओठ हलले, हवा आली, आवाज नाही. सर्जन म्हणाले सूज आहे, उतरेल. पंधरा दिवसांनी म्हणाले धीर धरा. सहा महिन्यांनी म्हणाले नस जरा दुखावलेली दिसते. वर्षाने म्हणाले, आता आहे ते असं आहे. जे आहे ते म्हणजे पंक्चर झालेल्या चाकातून हवा जावी तसा एक खरखरीत कुजबुजता श्वास. समोर बसलेल्या माणसाला ऐकू जाईल इतका. मधे रस्ता असेल तर नाही.

तलावावर त्यांनी शिट्टी घेऊन काम करून बघितलं. शिट्टीने थांब म्हणता येतं, पण कुणाला थांब आणि कशाला थांब ते सांगता येत नाही. एकदा एक नऊ वर्षांची मुलगी खोल बाजूला गेली आणि हातपाय मारायला लागली. मास्तरांना ते सगळ्यांत आधी दिसलं. तिच्यापासून चार हातांवर काठाला एक मोठा मुलगा पाठ करून उभा होता, त्याला हाक मारली असती तर काम झालं असतं. मास्तरांनी शिट्टी फुंकली आणि तलावातली चाळीस पोरं वळून त्यांच्याकडेच बघायला लागली. मग त्यांनी कपड्यांसकट उडी टाकली. मुलगी वाचली. पण महिनाअखेरीस मास्तरांना तलावाच्या काठावरून उचलून कपाटांच्या किल्ल्या देण्याच्या खिडकीत बसवलं. कुणी वाईट बोललं नाही. खुर्चीला नवी गादीसुद्धा दिली.

काठावरचं काम त्यांच्या लेकीने घेतलं. ती एकवीस वर्षांची. बापाचा आवाज तिच्यात जसाच्या तसा उतरलाय. "कोपर वर!" म्हणून ती ओरडली की किल्ल्यांच्या खिडकीत मास्तर मान वर करून बघतात.

जेलीबाईला वाटलं होतं, आता मास्तर चिडतील. हॉस्पिटलवर, सर्जनवर, तिच्यावर. तिने मनाची तयारीही केली होती. झालं भलतंच. मास्तर खूश होते. मनापासून, अगदी डोळ्यांत पाणी येईल इतके. "हिने वाचवलं मला," ते येईल त्याला सांगायचे. "हिने त्या दिवशी बघितलं नसतं तर मी आज नसतो. आवाज गेला तर गेला, जीव राहिला." आवाज इतका बारीक की ऐकणाऱ्याला पुढे वाकावं लागायचं, आणि वाकून ऐकलेली गोष्ट माणसाला जास्तच खरी वाटते. पोरांना सोडायला आलेले आईबाप किल्ली घेता घेता वाकायचे आणि स्वतःच्या गळ्याला हात लावत परत जायचे.

आणि खरं सांगायचं तर जेलीबाईलाही ते गोड लागायचं. नवऱ्याने चारचौघांत आपलं नाव घ्यावं, वन्संनी "देवमाणूस आहेस गं" म्हणावं, कुणाला नको असतं? तिने ते दीड वर्षं गिळलं.

मग मोठे डॉक्टर तीन आठवडे रजेवर गेले आणि त्यांच्या जागी बदलीच्या डॉक्टरीणबाई आल्या. चटपटीत, केस आखूड, बोलणं त्याहून आखूड. मास्तरांची पुढची तपासणी त्याच सुमारास होती. आधीच्या चित्रांशी ताडून बघायला त्यांनी पहिलं चित्र उघडलं आणि भुवया वर केल्या.

"याला सुई कुणी लावली?"

"का हो मॅडम?" जेलीबाई प्रोब पुसत होती.

"साडेचार मिलिमीटर आहे. ग्रंथीच्या बाहेर नाही, मानेत दुसरीकडे काही नाही, तक्रारही काही लिहिलेली नाही. अशाला सुई लावत नाहीत. काही महिन्यांनी पुन्हा बघायचं, बस्स."

"पण कर्करोगच निघाला ना."

"निघणारच. शोधत गेलं तर पुष्कळ लोकांच्या मानेत निघेल. बहुतेकांचा जागचा हलत नाही, माणूस म्हातारा होऊन दुसऱ्याच कशाने तरी जातो. काहींचा हलतो, नाही असं नाही. म्हणून तर लक्ष ठेवायचं. ज्याच्या हाताला गाठ लागते, ज्याचा आवाज बसलाय, गिळताना अडकतंय, त्याला कोण सोडतंय? त्याला आधी तपासा. पण ज्याला काहीच होत नाही त्याच्या मानेत शिरायचं कशाला?" डॉक्टरीणबाई पडद्याकडे बघत बोलत होत्या. "आणि यांची तर अख्खी ग्रंथी काढलीय. आवाजाची नसपण गेलेली दिसते. कोण आहेत हे?"

"माझे मिस्टर."

डॉक्टरीणबाई वळल्या. म्हणाल्या, "माफ करा. मला माहीत नव्हतं."

"मला माहीत होतं," जेलीबाई म्हणाली. "मी असले ठिपके रोज बघते. नमुन्यांचे तर पुसतेसुद्धा."

त्या दिवसापासून तिच्या अंगाचा तिळपापड सुरू झाला तो थांबेना. घरी भांडी आपटायची, लेकीवर उगाच ओरडायची, रात्री मास्तर शेजारी शांत घोरायचे तर त्या घोरण्याचाही संताप यायचा. घोरताना आवाज येतो आणि हाक मारताना येत नाही, हा काय न्याय झाला? तिला रडू येत नव्हतं. कुणाच्या तरी कानाखाली वाजवावीशी वाटत होती, आणि कुणाच्या ते ठरत नव्हतं. रांग मोठी होती आणि रांगेत ती स्वतः पहिली होती.

मोठे डॉक्टर परत आले त्याच सकाळी ती त्यांच्या खोलीत शिरली. टेबलावर छापून आलेले रंगीत कागद पडले होते. गळा तपासणी शिबिर, येत्या रविवारी. काही त्रास नाही? मग आजच नाव नोंदवा. आणि वर मास्तरांचा फोटो, किल्ल्यांच्या खिडकीतला, हसरा.

"एवढ्याशा गाठीला सुई लावत नाहीत, हे तुम्हाला ठाऊक होतं?" तिने विचारलं. नमस्कार नाही, काही नाही.

मोठ्या डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "तशा सूचना असतात. कायदा नसतो. प्रत्येकाने आपापल्या अनुभवाने ठरवायचं असतं."

"मग आम्हाला का नाही सांगितलं? थांबता येतं, एवढं तरी."

"आणि थांबलो असतो, ती वाढली असती, तर? तुम्हीच येऊन माझी गचांडी धरली असतीत. सर, दिसत होतं तर सोडलं का, म्हणून. बाई, सोडल्याबद्दल माणसाला कोर्टात खेचतात. काढल्याबद्दल आजवर मला कुणी खेचलेलं नाही. तुमचे मिस्टरच बघा, भेटतील तिथे आभार मानतात."

"म्हणजे भीती तुम्हाला होती."

"सगळ्यांनाच असते."

"तुमची भीती तुमच्याजवळ ठेवायची होती ना! ती माझ्या नवऱ्याच्या मानेतून कशाला काढलीत?"

मोठे डॉक्टर लाल झाले. माणूस दुष्ट होता असं नाही, आणि त्याचाच जास्त संताप येतो. दुष्ट असता तर चार शिव्या घालून मोकळं होता आलं असतं. तो रोज वेळेवर येणारा, गरिबाचं ऐकून घेणारा, सही करताना दोनदा वाचणारा माणूस होता. ते हलक्या आवाजात म्हणाले, "रविवारी मशीनवर तुम्ही आहात. साठ नावं आलीत. तुमच्या मिस्टरांनीच आणलीत, तलावावरून. तुम्हाला यायचं नसेल तर मी दुसऱ्या कुणाला बोलावतो."

दुसरं कुणी बोलावलं तर तो सगळं सेव्ह करणार. "येते," जेलीबाई म्हणाली.

घरी तिने दोन वेळा बोलायचा प्रयत्न केला. शुक्रवारी मास्तर शर्टाला इस्त्री करत होते. "रविवारी मला दोन शब्द बोलायला सांगितलंय," ते कुजबुजले आणि स्वतःच हसले. "मला! बोलायला!" शनिवारी ते यादी घेऊन बसले होते, कोण आधी, कोण नंतर. यादीत पहिलं नाव लेकीचं. "घरापासून सुरुवात करायची. लोक बघतात." या माणसाचा आवाज गेला, काठ गेला, आता हातात उरलंय ते एवढंच, की आपण मरता मरता वाचलो. तेही काढून घ्यायचं? तिने विचार केला, लेकीच्या मानेत काही निघणार नाही. मग विचार केला, आणि निघालं तर? बघितलं नाही तर काय, असं सगळे विचारतात; बघितलं तर काय, हे आपण पहिल्यांदाच विचारतोय, हे तिच्या लक्षात आलं आणि ती पुन्हा स्वतःवर चिडली.

रविवारी सकाळी बाकडी भरली होती. तलावावरून थेट आलेली माणसं. ओले केस, खांद्यावर टॉवेल, लालबुंद गाल. एकेकाची छाती अशी की बघत राहावं. यातल्या एकालाही काही होत नव्हतं. आज संध्याकाळपर्यंत यातल्या दहाबारा जणांना काहीतरी झालेलं असणार होतं. मास्तर इस्त्रीच्या शर्टात सगळ्यांना नंबर वाटत फिरत होते.

लेक आत आली आणि टेबलावर पडली. मागोमाग मास्तर आले, दार लावून उशाशी उभे राहिले. जेलीबाईने बाटली दाबली. लेकीच्या मानेवर जेली पडली.

"आई गं, गार!" लेक ओरडली. बाहेर बाकड्यांवर कुणीतरी हसलं, इतका खणखणीत आवाज.

जेलीबाईने प्रोब उचलला आणि जागेवर परत ठेवला.

"मी हिला तपासणार नाही," ती म्हणाली.

"का? काय झालं?" मास्तर कुजबुजले.

"हिला काही होत नाही म्हणून. तुम्हालाही काही होत नव्हतं."

"अगं, म्हणून तर..."

"ऐका. मधे बोलू नका, नाहीतर मला पुन्हा जमणार नाही." तिने टेबलाची कड धरली. "तुमची गाठ साडेचार मिलिमीटरची होती. तेवढीला सुईसुद्धा लावत नाहीत. सहा महिन्यांनी बघायचं, वर्षाने बघायचं. बहुतेक ती तिथेच पडून राहिली असती आणि तुम्ही ऐंशी वर्षांचे होऊन ओरडत राहिला असतात. थांबता येत होतं. आपल्याला कुणी सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. मी! वीस वर्षं मी दुसरं काय बघितलं? लिफ्टवाल्याच्या मानेत आहे, मी पुसला. धोब्याच्या मानेत आहे, पुसला. तुमचा तेवढा राहिला. मी हौसेने तुमचं नाव घातलं म्हणून राहिला. मी तुम्हाला वाचवलं नाही हो. मी तुमचा आवाज घालवला, आणि वर दीड वर्षं तुमच्याकडून आभार घेतले."

लेक कोपरावर उठून बसली होती. एकदा आईकडे, एकदा बापाकडे बघत होती.

मास्तरांचा चेहरा आधी पांढरा पडला. ओठ दोनदा हलले. मग कपाळापासून खाली लाली उतरत आली, ती मानेपर्यंत, मानेवरच्या त्या आडव्या व्रणापर्यंत. छाती भरली. तलावाच्या काठावर पाय रोवून उभे राहायचे तसे ते उभे राहिले. जेलीबाईने ओळखलं. पंचवीस वर्षांचा संसार, ती ओळखणार नाही तर कोण? ते ओरडणार होते. तिला ते हवंच होतं. तिने मान खाली घातली नाही.

"ओरडा," ती म्हणाली. "काय वाटेल ते बोला. ओरडा माझ्यावर."

मास्तरांनी तोंड उघडलं. मानेच्या शिरा दोरीसारख्या ताठ झाल्या, डोळ्यांत पाणी आलं, आणि बाहेर आली ती हवा. एक लांब, खरखरीत फुंकर. त्यांनी पुन्हा छाती भरली, पुन्हा तोंड उघडलं. पुन्हा हवा. तिसऱ्यांदा तर तीही अर्ध्यात संपली आणि ते खोकत सुटले. दाराबाहेर साठ माणसं बसली होती, त्यातल्या एकालाही काही ऐकू गेलं नाही. उलट कुणीतरी दारावर टकटक करून विचारलं, "झालं का? पुढचा नंबर पाठवू?"

मास्तर भिंतीपाशी गेले. तिथल्या कागदाच्या रोलमधून त्यांनी हातभर कागद ओढला, फाडला, आणि लेकीच्या मानेवरची जेली पुसायला लागले. डावीकडून, उजवीकडून, कानाखाली, गळ्याच्या खळीत. तो कागद ओला झाला तेव्हा दुसरा ओढला. जोर नको तेवढा लागत होता. लेकीची मान लाल झाली.

"बाबा," लेक म्हणाली, "निघाली सगळी. काही राहिलं नाही."

मास्तरांनी तिसरा कागद ओढला आणि ते पुसतच राहिले.